उमेदवाराची सही

मुलीला न विचारता मी तिचं नाव वधू-वर केंद्रात घातलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे माझी कीव करत पुढं कुणी वाचायला नको.

तळेगाव ढमढेरेच्या बाहेर आमची वस्ती आहे. घरात मी आणि मुलगी, दोघीच. मालक जाऊन सहा वर्षं झाली. सासऱ्यांच्या काळापर्यंत आमची मेंढरं होती, आता थोडी जमीन आहे, ती वाट्यानं दिलेली. मुलगी रांजणगावच्या एका कंपनीत पॅकिंगला जाते. तिचं लग्न पाच वर्षं टिकलं. मूल झालं नाही म्हणून सासरच्यांनी तिलाच बोल लावला. मग पुण्याच्या दवाखान्यात दोघांच्या तपासण्या झाल्या. दोष तिच्यात नव्हता, नवऱ्यात होता. सासरच्यांनी ते दाबलं आणि मुलीनंही दाबू दिलं. शिरूरच्या कोर्टात दोघांच्या मर्जीनं सोडचिठ्ठी झाली, तिथंही तिनं तो कागद बाहेर काढला नाही. मी म्हटलं, "आगं, दाव की सायबाला." ती म्हणाली, "आये, मला सुटायचंय. जितायचं न्हाई."

तिचं तिला बरोबर होतं. पण बाजारात माझ्या पाठीमागं बोललं जायचं ते मला ऐकू यायचं. पोर होत नाही म्हणून टाकली. एवढंच. दुसरं स्थळ यायचं तेही चार मुलांच्या बापाचं. कारण काय, तर हिला होणार नाहीच, मग त्याची सांभाळील.

आमच्यात मेंढरू विकायला नेलं की विकणाराच त्याचं तोंड उघडून दात दाखवतो. घेणारानं नंतर खोड काढायला नको. मला तीच रीत ठाऊक. मी ठरवलं, की नाव घालायचं तर दवाखान्याच्या कागदासकट घालायचं. एकदा दाखवलं की पुन्हा कुणी विचारणार नाही.

आमच्या भागात केंद्रं होती. पण तिथं सकाळी नाव घातलं तर संध्याकाळी दळणाच्या रांगेत कळतं. म्हणून नदीपलीकडं केडगावला गेले. न्हावऱ्यापर्यंत जीप, तिथून पारगावच्या पुलावरून दुसरी गाडी. मुलगी कामावर होती. तिच्या ट्रंकेतली दवाखान्याची फाईल पिशवीत घातली. कागद सगळे इंग्रजीत. कुठला तिचा आणि कुठला त्याचा हे मला कळेना. दुकानातल्या झेरॉक्सवाल्या बाईला विचारायची लाज वाटली. म्हणून अख्खी फाईल झेरॉक्स केली. घरी येऊन मूळ फाईल होती तशी ठेवली. तिला काही कळलं नाही.

केंद्र म्हणजे बियाण्याच्या दुकानावरची एक खोली. चालवणाऱ्याला सगळे आप्पा म्हणायचे. माझ्याहून दहाबारा वर्षांनी लहान असेल. टेबलावर कॉम्प्युटर, मागं लोखंडी कपाट. त्यानं फॉर्म भरून घेतला, मुलीचा फोटो घेतला, फोन नंबर घेतला. नंबर मी तिचा दिला, कारण पाव्हणे मुलीशी बोलतात आता, आमच्यासारखं नाही. वाटलं, तोपर्यंत तिला हळूच सांगू. कागदांचा गठ्ठा पुढं केला तर तो म्हणाला, "आक्का, हे कशाला?"

"असू द्या. लोकांची तोंडं बंद व्हतील."

"बरं. ह्ये कपाटात ऱ्हाईल. पसंती झाल्याबिगर कुणाला दावायचा न्हाई."

शेवटी फॉर्मवर बोट ठेवून म्हणाला, "हितं उमेदवाराची सही."

"ती कामाव हाय."

"तुम्हीच करा की. पोरीकडच्यांची आईबापच करत्यात. हितं आजवर किती पोरी आल्यात सही कराया?"

मी मुलीचं नाव माझ्या अक्षरात लिहिलं. पावती घेतली. पावतीवर छापलं होतं, माहिती गुप्त ठेवली जाईल. ते मी नीट वाचलं होतं. फॉर्मवर जिथं सही केली, त्याच्या वर काय लिहिलंय ते मात्र वाचलं नाही.

दोनतीन स्थळं आली, फोटोवरच गेली. मुलीला सांगायची वेळ आली नाही आणि मीही ती आणली नाही.

मग पावसाळा सरता सरता तिचा फोन वाजायला लागला. अनोळखी नंबर. आधी दिवसाला एकदोन, मग जेवायला बसली की, बसमध्ये चढली की. कुणी नीट विचारायचं, स्थळ बघताय का. कुणी नुसताच हसायचा. कुणी फोटो मागायचा, कुणी स्वतःचे घाणेरडे पाठवायचा. ती नंबर बंद करायची, दुसऱ्या नंबरवरून यायचे. एका संध्याकाळी ती पायरीवर बसून बूट काढत होती तेव्हा एक आला. तिनं कानाला लावला आणि तिचा हात तसाच थांबला. ठेवल्यावर मी विचारलं, "काय म्हणाला?"

"म्हणाला, तुमचा नवरा कामाचा नव्हता, रिपोर्ट वाचला आम्ही. आम्ही हाय की." मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "ही गोष्ट मी आयुष्यात एकाच माणसाला सांगितलीय."

एक माणूस म्हणजे तिची कंपनीतली मैत्रीण. विदर्भातली बाई, रांजणगावला खोली घेऊन राहणारी. दोघी एकाच लाइनवर शेजारी उभ्या राहायच्या. त्या दिवसापासून मुलगी तिच्याशी बोलेनाशी झाली.

मला कळलं होतं, नाही असं नाही. आप्पानं माझ्या फोनवर मागं एक लिंक पाठवली होती. 'नवीन स्थळे पहा' असं लिहिलेलं. मी तिला कधी हात लावला नव्हता. मुलगी कामावर गेल्यावर ती दाबली. स्क्रीनवर एकामागून एक पिवळ्या पाकिटांची चित्रं आली, प्रत्येकावर एकेका मुलीचं नाव, गाव. कुठलंही दाबा, उघडतंय. पाटसची, यवतची, आमच्या न्हावऱ्याची. मी चार दाबून पाहिली. दुसऱ्यांच्या मुलींची पाकिटं आपण का उघडतोय, हे पाचव्याला सुचलं. मग माझ्या मुलीचं नाव सापडलं. पहिला फोटो हिरव्या साडीतला. त्याच्यामागं दवाखान्याचे कागद, सगळे, मी झेरॉक्स केले त्याच क्रमानं. त्यातला एक झेरॉक्सला देताना माझ्या अंगठ्याजवळ दुमडला होता, तो दुमडलेलाही तसाच दिसत होता.

दुसऱ्या दिवशी केडगाव गाठलं. आप्पा कपाट आवरत होता.

"आप्पा, तुमच्या कृपेनं माझ्या लेकीचा फोन यष्टी स्टँडचा भोंगा झालाय."

"आक्का, ह्याक झालं बघा. ह्याक. मोठमोठ्या बँका ह्याक व्हत्यात, आपलं काय घिऊन बसला."

"बँकेला कुलूप आसतं, मग त्ये फोडत्यात. तुम्ही दारच लावलं नव्हतं. लिंक तुम्हीच धाडलीय, माझ्या फोनात हाय."

तो जरा बसला. मग त्यानं सांगितलं, की भाच्यानं सगळं कॉम्प्युटरात चढवलं आणि एक लिंक करून दिली. ती पैसे भरलेल्या गिऱ्हाइकांना पाठवायची होती. पुढं गिऱ्हाइकांनी ती कुणाकुणाला दिली, त्याला तो काय करणार.

"आन् कपाटात ठिवतो म्हनला व्हता ते कागद?"

"भाच्याला वाटलं, सगळंच चढवायचं आसंल."

"बंद करा ती. आत्ता. आन् मला लिहून द्या, काय काय बाहेर गेलं, कवापासनं गेलं, कुणाकुणाला धाडलं."

तेव्हा त्याचा आवाज बदलला. "लिहून कशाला, आक्का? आन् लिहायचंच म्हटलं, तर मला बी लिहावं लागंल. त्यात जावयाचा कागद हाय. तो मला कुणी आणून दिला? त्यानं तर न्हाई दिला. तुम्ही पोलिसात गेला, तर त्यो बी जाईल. त्याच्या घरात आता लेकरू हाय म्हणं. तुमची पोरगी बी ईल. सही तिची हाय खाली. तिला विचारतील, बाई, तूच दिली का परवानगी? आन् ती म्हनंल, मी तर हितं आलेच न्हाई. मग?"

मी उठले. जिन्यात थांबून पुन्हा वर जाऊन दोन शब्द सुनवावेत असं वाटलं. पण त्याचं खोटं असतं तर सुनावलं असतं. त्यातलं खरं फार होतं.

माझ्या मनात तेव्हा एकच होतं. मुलीला कळू न देता हे कायद्यानं मिटवता येतंय का, बघायचं. तिच्यापर्यंत न जाता. त्या एका वाटेच्या शोधात मी पंधरा दिवस फिरले.

आधी पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या बाई पोलिसानं नीट ऐकून घेतलं, चहाचंही विचारलं. मग म्हणाली, "मावशी, घाणेरडे मेसेज ज्यांनी केलेत त्यांच्यावर गुन्हा होतो. मागं लागणं, छळणं, त्याला कलमं हायेत. ऑनलाइन पण तक्रार टाकता येती. पण फोन कुणाचा?"

"लेकीचा."

"मग लेकीला घेऊन या. फोन बी घेऊन या. मेसेज पुसू नका म्हणावं, नंबर पुसू नका. पुरावा तोच."

ती रोज पुसत होती. नंबर अडवून मेसेज पुसून टाकायची, की मग जेवायची. ते पुसू नकोस म्हणायला मला कारण सांगावं लागलं असतं.

मग शिरूरच्या कोर्टात गेले. तिथं बायकांना फुकट वकील मिळतो, हे सोडचिठ्ठीच्या वेळी कळलं होतं. अर्ज भरला. एक तरुण वकीलबाई मिळाल्या. बाकावर बसूनच त्यांनी पावती पाहिली, लिंक पाहिली. लिंक अजून उघडत होती. त्यांनी पहिल्यांदा माझ्याच फोनवरून त्या पानांचे फोटो काढले, तारीख-वेळ दिसेल असे. म्हणाल्या, "हे बंद झालं तर सिद्ध करायला काही उरत नाही. आधी पुरावा, मग भांडण."

मी म्हटलं, "बाई, मला सोप्यात सांगा. काय काय करता येतं?"

त्यांनी सांगितलं. आधी केंद्राला नोटीस द्यायची, लिंक बंद करा आणि काय बाहेर गेलं ते लेखी कळवा. पावतीवर गुप्त ठेवू असं छापलंय, तो करार झाला. करार मोडून माहिती दुसऱ्याला दिली तर गुन्ह्याचंही कलम आहे. शिवाय पैसे भरून सेवा घेतली म्हणजे मी ग्राहक. पुण्याच्या ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, वकील नसला तरी चालतो. कॉम्प्युटरातली माहिती फुटली तर नुकसानभरपाईचा एक जुना कायदा आहे, त्याचा अर्ज मुंबईला सरकारी अधिकाऱ्यापुढं जातो. पण त्यात कुठलीही माहिती चालत नाही. बँकेची, पासवर्डची, दवाखान्याची, अशीच लागते.

"फोटो? नंबर?"

"त्या कायद्याला ते जपायची गोष्ट वाटत नाही. दवाखान्याचा कागद मात्र वाटतो. तुमच्या प्रकरणात सगळ्यात वजनदार तोच आहे."

"आन् माहिती जपायचा त्यो नवा कायदा म्हंत्यात?"

"झालाय. पण लोकांनी तक्रार करायचा भाग अजून लागू व्हायचाय. आणि लागू झाला तरी दंड सरकारला जातो. तुमच्या मुलीला नाही."

"मंजी चोर आमच्या घरात शिरला आन् वसुली सरकारची."

त्या हसल्या. मग त्यांनी पेन काढलं. "आता सांगा, अर्जदार कोण?"

"मी."

"ग्राहक म्हणून तुम्ही चालाल. पण माहिती मुलीची. छळ तिचा. दवाखाना तिचा. तुमच्या नावानं केली तरी समोरचा हा फॉर्म काढणार." फॉर्मचा फोटो लिंकमध्ये होताच. त्यांनी तो मोठा केला. "सहीच्या वर लिहिलंय, माझी माहिती इच्छुक स्थळांना दाखवण्यास माझी संमती आहे. ही सही मुलीची?"

मी पावतीची घडी घातली.

"आजी, हे तुमचं अक्षर आहे ना?"

"व्हय."

"तिला माहीत आहे?"

"न्हाई."

त्यांनी पेनचं टोपण लावलं. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "मी वाट दाखवू शकते. पण सगळ्या वाटा तुमच्या घरातूनच जातात. तिला घेऊन या."

घरातूनच जातात, ते मला पंधरा दिवस दिसत होतं. पोलीस म्हणाले लेक, वकील म्हणाल्या लेक, आप्पासुद्धा म्हणाला लेक. मी आपली चारी बाजूंनी फिरून पुन्हा तिच्याच पायरीवर.

आणि तरी मी सांगितलं नाही. आणखी आठ दिवस सांगितलं नाही.

त्या आठ दिवसांत ती मैत्रीण आमच्या घरी आली. सुट्टीचा दिवस होता, मुलगी तळेगावला बाजाराला गेली होती. ती दारातच उभी राहिली. हातात पेढ्यांचा पुडा, कशाचा ते तिनं सांगितलं नाही.

"काकू, माझं काय चुकलं? ती बोलत नाही. लाइन बदलून मागितली तिनं. सगळ्यांच्या देखत डबा उचलून दुसरीकडं बसली. मी विचारलं तर म्हणे, तुला माहिती आहे."

मी तिला आत बोलावलं, चहा दिला. ती कप हातात धरून बसली. म्हणाली, "मी कुणाला काही सांगितलं असेल तर मला मरण येवो."

मी म्हटलं, "तिचं डोकं फिरलंय जरा. फोन येत्यात ना. व्हईल नीट."

असं म्हटलं मी. तोंडावर. ती मान हलवून गेली. कप धुताना मला काही वाटलं नाही, हे खरं सांगते. वाटायला नको म्हणून मी कप दोनदा धुतला.

दोन दिवसांनी मुलगी पहिल्या पाळीवरून आली. आम्ही ओट्यावर चवळीच्या शेंगा मोडत बसलो होतो. ती म्हणाली, "उद्या मी ऑफिसात लेखी देणार हाय तिच्या नावानं. खासगी गोष्टी बाहेर पसरवल्या म्हणून. सुपरवायझर म्हनला, लिहून द्या, बघतो."

"बघतो म्हंजी?"

"ती कॉन्ट्रॅक्टवर हाय. काढत्याल. काढू देत. खोलीचं भाडं भरताना आठवंल तिला."

मी हातातली शेंग मोडली. आणखी एक मोडली. मग म्हटलं, "लिहू नको."

"का? तुला तिचा पुळका का?"

"तिनं न्हाई सांगितलं. मी दिलं."

तिला आधी कळलंच नाही. "काय दिलं?"

"फाईल. झेरॉक्स करून. केडगावला केंद्र हाय, तिथं तुझं नाव घातलं. त्यांचं सगळं उघडं पडलं."

तिनं हातातली शेंग खाली ठेवली. मग म्हणाली, "कवा?"

"उन्हाळ्यात."

"आन् तुला ठाव कवापासनं हाय?"

मी खोटं बोलू शकले असते. कालच कळलं म्हणू शकले असते. "तीन आठवडं झालं," म्हटलं.

शेंगांचं सूप तिनं हळूच बाजूला सरकवलं. आदळलं नाही. "तीन आठवडं तू माझ्यासमोर भाकरी थापत व्हतीस. माझा फोन वाजायचा आन् तू विचारायचीस, काय म्हनला. तुला ठाव व्हतं काय म्हनला."

"तुझ्या भल्यासाठी..."

"ते म्हनू नको. सासू बी तेच म्हनायची."

एवढं बोलून ती घराच्या मागं गेली. मला वाटलं रडायला गेली. गेले बघायला, तर फोनवर बोलत होती. मैत्रिणीशी. "माझं चुकलं" असं चार वेळा म्हणाली. माझं नाव तिनं घेतलं नाही. आईनं केलं असं सांगितलं असतं तर मला चाललं असतं. तिनं नुसतं, चुकलं, म्हटलं.

पुढच्या सोमवारी रजा टाकून ती माझ्यासोबत शिरूरला आली. म्हणजे मी तिच्यासोबत. बसमध्ये ती पुढच्या सीटवर बसली, मी मागं.

वकीलबाईंनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. "अर्जदार कोण?"

"मी," मुलगी म्हणाली. "आन् एक आधी लिहा. फॉर्म मी भरलेला न्हाई. सही माझी न्हाई. माझ्या आईनं केली, मला न विचारता. तशी तिची सही घ्या खाली."

वकीलबाईंनी माझ्याकडं पाहिलं. म्हणाल्या, "आजी, हे लिहून दिलं की तुमच्यावर बोट येऊ शकतं. दुसऱ्याच्या नावानं सही केलीत."

"केलीच हाय. लिहा."

मी सही केली. या वेळेला माझीच. तिच्या वर काय लिहिलंय ते तीन वेळा वाचून.

मग दवाखान्याचे कागद निघाले. मुलगी बारावी झालेली, तिला इंग्रजी वाचता येतं. तिनं गठ्ठा मांडीवर घेतला आणि एकेक पान वाचून दोन ढीग केले. एक तिचा, एक त्याचा. जे मला जमलं नव्हतं ते तिनं पाच मिनिटांत केलं. आपला ढीग वकीलबाईंपुढं ठेवला. दुसरा पिशवीत.

वकीलबाई म्हणाल्या, "त्यांचा कागद लावला तर नुकसान किती मोठं झालं हे दिसेल. फोन त्याच्यावरूनच आलेत."

"तो त्याचा हाय. मी लावनार न्हाई."

मला राहवलं नाही. "आगं, त्यानं तुला येवढं बोल लावून घिऊ दिलं..."

ती पहिल्यांदाच त्या दिवशी माझ्याकडं वळून बोलली. "आये, आता त्याच्या नव्या बायकोला लोक काय इचारत असतील, कळतंय का तुला? नवऱ्याचा असा रिपोर्ट, मग ह्ये लेकरू कुणाचं? तिनं काय केलंय तुझं?"

त्या बाईला मी कधी पाहिलेलं नाही. तिचा विचार माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता. उलट त्याच्या घरात लेकरू आहे हे आप्पानं सांगितलं, तेव्हा मला आतून थोडं बरंच वाटलं होतं. आता कळेल, असं. काय कळणार होतं आणि कुणाला, ते मी पुढं नेलं नव्हतं. इलाज झाला असेल. दवाखाने कशासाठी आहेत?

तक्रार गेली. पोलिसात एक, ग्राहक आयोगात एक, मुंबईला एक. केंद्राला नोटीस गेल्यावर लिंक बंद झाली. आप्पानं उत्तरात लिहिलं, की अज्ञात व्यक्तीनं गैरप्रकार केला, केंद्राचा दोष नाही. कुणाकुणाला लिंक पाठवली होती ते त्यानं लिहिलंच नाही. ज्यांनी कागद आपल्या फोनात उतरवून घेतले, त्यांच्याकडून ते परत कसे आणायचे, याला कुठल्या कायद्यात कलम नाही. वकीलबाईंना मी तसं विचारलं होतं. त्या म्हणाल्या, ज्याचं नाव कळेल त्याच्यावर जाता येईल. नावं कोण सांगणार?

मुलगी म्हणाली, "आता त्याला कळव."

"कुणाला?"

"ज्याचा कागद हाय त्याला. त्याला बाहेरनं कळायच्या आधी आपल्याकडनं कळलं पायजे. तूच कळवायचं."

नंबर तिनंच लावून दिला आणि फोन माझ्या हातात दिला. उभी राहिली. पूर्वी मी त्याला जावईबापू म्हणायचे. आता काय म्हणायचं ते ठरवायच्या आत त्यानं उचलला. मी सांगितलं. मी कोण, काय केलं, कुठं दिलं, काय झालं. मध्ये कुठं थांबले नाही, थांबले असते तर पुन्हा सुरू झालं नसतं.

त्याच्या मागं लहान मूल कुरकुरत होतं, कुणी बाई त्याला गप्प करत होती. मग तो हळू आवाजात म्हणाला, "किती लोकांनी पाहिलं?"

"ठाव न्हाई."

"म्हणून परवा चुलता तसं बोलला." मग म्हणाला, "मी तक्रार कुणावर करायची? त्या केंद्रावर का तुमच्यावर?"

"दोघांवर करा," मी म्हटलं. "कागद मी दिला, हे पायजे तर लिहून देते."

त्यानं फोन ठेवला. मुलीनं माझ्या हातातून घेतला आणि आत गेली. चांगलं केलंस असं म्हणाली नाही. म्हणायचं काही कारणही नव्हतं.

फोन अजून येतात, पण कमी. फोन करणाऱ्यांपैकी दोघांना पोलिसांनी बोलावून दम दिला. आयोगाकडून पुढची तारीख आलीय, आप्पानं वकील दिलाय. मुलगी माझ्याशी कामापुरतं बोलते. मीठ आहे का, दळण आणायचं का. तिच्या ट्रंकेला आता कुलूप आहे. मैत्रीण सुट्टीला येते, तेव्हा दोघी मागल्या बाजूला बसतात. मी गेले की विषय बदलतात.

त्याची तक्रार अजून आलेली नाही. येईल असं मी धरून चालले आहे. वकीलबाईंना मी विचारलं, आली तर माझ्या बाजूनं तुम्हीच बोलाल ना? त्या म्हणाल्या, नाही आजी, मी तुमच्या मुलीची वकील आहे. तुम्हाला दुसरा घ्यावा लागेल.